आत्याचे गुडघे आणि बँकॉकचे मजले

बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावर ५५ नंबरच्या गल्लीसमोर ३८ नंबरची गल्ली आहे. विषम आकडे रस्त्याच्या उत्तरेला, सम आकडे दक्षिणेला, इथवर ठीक. पण दोन्ही बाजूंनी आपापली मोजणी आपापल्या वेगानं केली आणि समोर बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. ३९च्या आसपास समोर २४ दिसते, ६३पर्यंत पोचावं तर पलीकडे जेमतेम ४२. मधेच एखाद्या गल्लीला पोटगल्ली फुटते, मग तिला तिरकी रेघ मारून आणखी एक आकडा चिकटवलेला असतो. हा रस्ता पुढे असाच धावत कंबोडियाच्या सीमेजवळच्या त्रात प्रांतापर्यंत जातो, तेव्हा "हॉटेल सुखुमवितवरच आहे" या वाक्यातून माहिती अशी काही मिळत नाही.

या गल्ल्यांना थाई लोक सोई म्हणतात. बँकॉकमध्ये फिरणं म्हणजे काय हे कळायला आधी सोई कळावी लागते. आज जिथे काचेचे मॉल आहेत तिथे फार पूर्वी नाही, चार पिढ्यांपूर्वी भातशेती होती. कालव्याला टेकलेल्या लांबच लांब, अरुंद पट्ट्या. शहर वाढलं तसे ज्याचे त्याने आपले तुकडे विकले, आणि विकताना आपल्या जमिनीतून हद्दीपर्यंत एक रस्ता काढून दिला. शेजाऱ्याच्या रस्त्याला तो जोडावा असं कुणावर बंधन नव्हतं. त्यामुळे बहुतेक सोई आत शिरतात, वळतात आणि कुणाच्या तरी भिंतीला जाऊन थांबतात. नकाशात आपली खोली आणि खानावळ पाठीला पाठ लावून उभ्या दिसतात, पण चालायला लागलो की आख्खी गल्ली बाहेर, मोठ्या रस्त्यावरून वळसा, आणि दुसरी गल्ली आत. जे पायांचं तेच मोटारींचं. सगळ्या गल्ल्यांचं पाणी त्याच तीनचार मोठ्या रस्त्यांवर येऊन तुंबतं. बँकॉकच्या ट्रॅफिकला लोक गाड्यांची संख्या कारण देतात. मला विचाराल तर निम्मा दोष त्या भातशेतीच्या बांधांचा आहे.

माझ्याबरोबर आत्या होती. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, ऑपरेशनचा विषय काढला की ऐकू न येणारी. ती पूर्वी एकदा बँकॉकला येऊन गेलेली. टूरबरोबर. म्हणजे विमानतळावरून बस, बसमधून पट्टाया, पट्टायाहून बस, रत्नांची शोरूम, देवळाच्या दारात बस, आणि रात्री कुठल्याशा हॉलमध्ये वरणभात. "मला बँकॉक विचारलंस तर मी काचेतून दिसणारे पाय सांगेन," ती म्हणायची. त्यामुळे या वेळी तिची अट एकच होती. देवळं दोन कमी झाली तरी चालतील, पण लोक ज्यानं जातात त्यानं जायचं.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की या शहरात लोक ज्यानं जातात ते वेगवेगळ्या मजल्यांवर आहे.

सगळ्यात वरचा मजला स्कायट्रेनचा. ५ डिसेंबर १९९९ला, राजा भूमिबोल यांच्या वाढदिवशी, ती सुरू झाली. तेव्हा दोन मार्ग, २३ स्थानकं. आता ती दूरच्या उपनगरांपर्यंत पसरली आहे. खाली मोटारी खिळलेल्या असताना आपण त्यांच्या डोक्यावरून, हुडहुडी भरेल इतक्या थंड डब्यातून सरसर निघून जातो. फलाटावर बाणांच्या खुणा आहेत आणि लोक त्या बाणांच्या मागे खरोखर रांगेत उभे राहतात. दादरला वाढलेल्या माणसाला हे बघताना आधी कौतुक वाटतं आणि मग उगाच अस्वस्थ व्हायला होतं.

पण वरचा मजला म्हटल्यावर जिने आले. रस्त्यावरून तिकिटांच्या पातळीपर्यंत एक मोठा जिना, तिथून फलाटापर्यंत दुसरा. सरकते जिने आहेत, सगळीकडे नाहीत, आणि असले तर बऱ्याचदा फक्त वर जाणारे. आत्याचं म्हणणं, चढताना दम लागतो, गुडघे दुखतात ते उतरताना. हे सरकत्या जिन्याच्या अभियंत्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. सुरुवातीला तर २३पैकी फक्त पाच स्थानकांवर लिफ्ट होती. व्हीलचेअरवरच्या लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडण लावून धरलं आणि जानेवारी २०१५मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं महापालिकेला आदेश दिला, सगळ्या स्थानकांवर वर्षभरात लिफ्ट बसवा. वर्षभरात काही झालं नाही, पण लिफ्टा हळूहळू आल्या. त्या बऱ्याचदा रस्त्याच्या एकाच बाजूला असतात, आणि आपण कायम दुसऱ्या बाजूला असतो. रस्ता ओलांडायचा तर पुन्हा जिनाच. दोन दिवसांत आत्याकडे स्वतःची अशी यादी तयार झाली होती. कुठलं स्थानक बरं, कुठलं वाईट, कुठे मॉलमधून शिरलं की मॉलचीच लिफ्ट वापरता येते. सियाम स्थानकापाशी आम्ही एक पैशाची खरेदी न करता जितक्या मॉलमधून ये-जा केली, तितकी कुणी केली नसेल.

जमिनीखालची मेट्रो गुडघ्यांना जास्त मानवली. ती २००४ साली सुरू झाली, आणि तिथे लिफ्ट पहिल्यापासून आहेत. गंमत अशी की खाली उतरण्याआधी तिथेही चार पायऱ्या चढाव्या लागतात. पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून स्थानकांची तोंडं फुटपाथपेक्षा उंचावर बांधली आहेत. आत्यानं त्या उंबऱ्यापाशी उभं राहून विचारलं, "म्हणजे पाणी इतकं वर येतं?" समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दीड मीटर उंचीचं शहर, त्यात पावसाळा, त्यात नदी. येतं.

आकाशातली आणि पाताळातली, या दोन गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्यामुळे तिकिटं वेगळी, कार्डं वेगळी, आणि आपल्यासारख्यांनी सगळ्यात जास्त गोंधळावं अशी गोष्ट म्हणजे जिथे दोन्ही भेटतात त्या स्थानकांची नावंही वेगळी. वर असोक, खाली सुखुमवित. वर साला देंग, खाली सीलोम. वर मो चित, खाली चतुचक पार्क. एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या दोन माणसांनी फोनवर एकमेकांना कुठे आहात विचारावं आणि दोघांनी वेगळी उत्तरं द्यावीत, अशी ही सोय. त्यातल्या त्यात मेट्रोच्या फाटकावर आता आपलं बँकेचं कार्डच टेकवता येतं, काळ्या प्लास्टिकच्या चकत्या सांभाळायला नकोत. आत्याला मात्र चकतीच हवी असायची. "ती हातात असली की आपण गाडीत आहोत असं वाटतं."

मेट्रोच्या निळ्या मार्गावरची जुन्या शहरातली स्थानकं मुद्दाम उतरून बघावीत अशी आहेत. वात मंगकोन थेट चायनाटाऊनच्या पोटात उघडतं. सनाम चाय राजवाड्याच्या बाजूचं, म्हणून त्याचा आतला भाग दरबारासारखा खांबांनी आणि सोनेरी नक्षीनं सजवलाय. तिथून पुढची गाडी चाओ फ्राया नदीच्या खालून पलीकडे जाते. डब्यात कुणी मान वर करत नाही. करून दिसणार तरी काय!

नदी बघायची तर नदीतच उतरायला हवं. सफान ताक्सिन या स्कायट्रेनच्या स्थानकाला लागूनच सथॉर्नचा धक्का आहे, आणि वरच्या मजल्यावरून थेट तळमजल्यावर यायला याच्याइतकी चांगली जागा नाही. तिथे पोचल्यावर पाहुण्याला सगळ्यात आधी पर्यटकांच्या बोटीचं तिकीट खपवायचा प्रयत्न होतो. निळा झेंडा, मोकळी बाकं, इंग्रजीत माहिती. ती वाईट नाही. पण शेजारून नारिंगी झेंड्याची बोट जाते, तिकीट १६ बाहत (बाहत हे तिथलं चलन), कुठेही उतरा. तिच्यात शाळेची मुलं, ऑफिसची माणसं आणि भिक्खू. भिक्खूंसाठी मागच्या बाजूला जागा राखून ठेवलेली असते.

या बोटी थांबतात असं म्हणणं धाडसाचं आहे. मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्ट्या मारून चालकाला सांगतो, जवळ, आणखी जवळ, मागे, बस. चालकाला मागचं काही दिसत नाही, तो केवळ शिट्टीवर बोट धक्क्याला लावतो. दोरीचा एक फेर खुंटाला पडतो, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, दोरी सुटते. धक्काही पाण्यावर तरंगणारा, त्यामुळे दोन्ही हलतात, वेगवेगळ्या तालात. मला वाटलं होतं, इथे आत्या परत फिरणार. पण त्या खलाशानं शिट्टी तोंडात तशीच ठेवून हात पुढे केला, तिनं तो धरला आणि ती आत. पायरी नाही, जिना नाही, एक पाऊल. तिच्या यादीत नदी पहिल्या नंबरावर गेली ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. था तिएनच्या धक्क्यावर उतरून पलीकडे वात अरुण या देवळाकडे नेणारी छोटी होडी तर आम्ही गरज नसतानाही घेतली. वात अरुणच्या उभ्या पायऱ्या चढायचा प्रश्नच नव्हता, ती खालच्या ओट्यावर बसून चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी बघत राहिली आणि मग म्हणाली, चल, परत होडीत बसू.

आणि खरं तर हेच या शहराचं मूळ वाहन. १७८२ साली राजधानी इथे आली तेव्हा नदी हा हमरस्ता आणि कालवे या गल्ल्या. बाजार पाण्यावर, बरीचशी घरंही पाण्यावर. १८६१ साली युरोपीय वकिलातींनी राजा मोंगकुटकडे, म्हणजे चौथ्या रामाकडे, अर्ज केला की आम्हाला संध्याकाळी घोड्यावर आणि बग्गीतून फिरायची सवय आहे, इथे रस्तेच नसल्यानं आमची तब्येत बिघडते. त्यातून चारोएन क्रुंग हा रस्ता झाला, १८६४ साली पुरा झाला. गोऱ्यांच्या फेरफटक्यासाठी बांधलेला तो रस्ता आजही नदीला समांतर धावतो, आणि त्यावर आजही फेरफटका मारता येत नाही, कारण गाड्या. पुढे एकेक कालवा बुजत गेला. सीलोमचा गेला. सथॉर्न रस्त्याच्या दोन बाजूंच्या मधोमध मात्र काळ्या पाण्याची एक पट्टी उरली आहे, बँकांच्या उंच इमारतींमध्ये. १८८८ साली घोड्यांची ट्राम आली, मग ती विजेवर धावू लागली, आणि १९६८मध्ये तीही बंद पडली. त्यानंतर तीस वर्षं बँकॉकनं केवळ मोटारींवर भरवसा ठेवला, त्याची फळं टॅक्सीत बसलं की चाखायला मिळतात.

टॅक्सीबद्दल थोडक्यातच लिहिते. मीटर ३५ बाहतपासून सुरू होतो, जे फार नाही, आणि उभं राहिल्याचेही पैसे मोजतो, जे बरेच होतात. संध्याकाळी पाचच्या पुढे चालक काच खाली करतो, ठिकाण ऐकतो, हसून मान हलवतो आणि निघून जातो. हसणं खरं असतं. बऱ्याच चौकांत अजूनही पोलीस बूथमध्ये बसून सिग्नल हातानं बदलतात, त्यामुळे एकदा लाल लागला की तो कधी जाईल हे त्या बूथमधल्या माणसाच्या मनावर. टुकटुक या वाहनाविषयी माझं मत इतकंच की फोटो काढून घ्यावा.

लाल, बिनएसीच्या बसला आत्या आणि मी दोघीही भाळलो. लाकडी फळ्यांची जमीन, उघड्या खिडक्या, छताला पंखे, ८ बाहत. कंडक्टर बाई हातातल्या लांबट धातूच्या डब्याचं झाकण खडखड वाजवत येतात, त्यातच नाणी आणि त्यातच तिकिटांच्या गुंडाळ्या, आणि त्याच डब्याच्या कडेनं तिकीट फाडतात. कुठल्याही मजल्यावर न ऐकलेला असा तो आवाज. स्कायट्रेनच्या मूळ मार्गावर अंतराप्रमाणे १७ ते ४७ बाहत लागतात. वर थंडगार डब्यात मोबाइलमध्ये बुडालेली पोरं, आणि त्याच रस्त्यावर, त्याच दिशेनं, खाली बसमध्ये भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन घामानं निथळणाऱ्या बाया. आपण पाहुणे हौसेनं ८ बाहतच्या बसमध्ये चढतो आणि गरम झालं की वर पळतो. त्या बायांना जिना चढण्यापासून कुणी अडवत नाही, पण दिवसाला दोन वेळा, महिनाभर, तो हिशेब वेगळा होतो.

सॅनसॅप कालव्यावर मी एकटी गेले. हा कालवा तिसरा राम या राजानं १८३७ ते १८४०च्या दरम्यान खणून घेतला, कंबोडियाच्या ताब्यावरून व्हिएतनामशी लढाई चालू होती, सैन्य आणि रसद पूर्वेकडे न्यायला. आज तो ऑफिसला जाणाऱ्यांची रसद नेतो. १९९०पासून इथे बोटी धावतात, लांब, अरुंद, खालच्या. पूल इतके ठेंगणे की काही ठिकाणी छप्पर खाली ओढून घ्यावं लागतं. कंडक्टर डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं देतात. समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून ताडपत्री वर घेतात, कारण ते पाणी तोंडावर घ्यावं असं नाही. वास आहे. पण जुन्या शहराच्या टोकाला पानफापासून निघून, प्रातुनामला बोट बदलून, असोकपर्यंत मी ज्या वेळात पोचले, त्या वेळात टॅक्सीनं दोन सिग्नल पार केले असते तर नशीब. दोन्ही काठांवर घरांची मागची दारं, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, देवघरं. सुखुमवितवर सगळ्या इमारती चेहरे करून उभ्या असतात. इथे त्यांच्या पाठी दिसतात.

चित लोम स्थानकाच्या स्काय वॉकवरून चौमुखी ब्रह्मदेवाचं ते प्रसिद्ध देऊळ खाली दिसतं. एका हॉटेलच्या बांधकामात अपघातांमागून अपघात व्हायला लागले म्हणून १९५६ साली बसवलेला हा देव. वरून जाणारे लोक चालता चालता हात जोडतात. आत्या कठड्याला टेकून बराच वेळ उभी होती. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधायचं तर पुष्करला नाहीतर गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या ब्रह्मकरमळीला जावं लागतं, आणि इथे चार रस्त्यांच्या चौकात, मॉलच्या सावलीत त्याच्यापुढे नाच चाललाय. "याला आपल्याकडे कुणी विचारत नाही, इथे बरं चाललंय याचं," ती म्हणाली. संध्याकाळी सहाला ती फलाटावर असायची खबरदारी घ्यायची. सहाच्या ठोक्याला राष्ट्रगीत लागतं आणि स्थानकातले सगळे, जिन्यावरचे, फाटकातले, जिथल्या तिथे उभे राहतात. आत्याच्या मते दिवसातून एकदा का होईना, सगळं शहर तिच्या वेगानं चालायचं.

राहता राहिला तो सोईचा प्रश्न. स्थानक मोठ्या रस्त्यावर, खोली गल्लीच्या पार आत. या मधल्या तुकड्यासाठीच नारिंगी जॅकेटवाले मोटरसायकलस्वार आहेत. जवळजवळ प्रत्येक सोईच्या तोंडाशी त्यांचा अड्डा, बाकडं, दरपत्रकाची पाटी, जॅकेटावर नंबर. त्यातले बरेचजण ईशान्येकडच्या इसानमधून आलेले, शेतीचा हंगाम सांभाळून गाडी चालवणारे. शेतजमिनींच्या तुकड्यांनी करून ठेवलेलं कोडं शेतकऱ्यांच्याच मुलांनी सोडवावं, हे मला फार आवडलं. गाडीचा रस्ता संपतो तिथे ते भिंतीमधल्या बोळातून शिरतात, मागच्या सोईत निघतात, फुटपाथ हाही त्यांच्या लेखी रस्ताच.

मी चालत जाऊ म्हणत होते. थाई रस्त्यांवरच्या अपघातांचे आकडे जगातल्या वाईट आकड्यांत मोडतात आणि त्यात दुचाकीवाले सगळ्यात जास्त, हे मी तिला वाचूनही दाखवलं. ती पाटीकडे बघत होती. मग एक स्कर्टवाली मुलगी आली, सवयीनं एका बाजूला पाय टाकून मागे बसली आणि पर्स मांडीवर ठेवून निघूनही गेली. आत्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आधी कळलं नाही. पंचवीसतीस वर्षं तिनं पुण्यात काकांच्या स्कूटरवर याच बैठकीत काढली होती, लक्ष्मी रोडवरून भाजीची पिशवी आणि दिवाळीची पणत्यांची टोपली घेऊन. ज्या गुडघ्यांना स्कायट्रेनचा जिना झेपत नव्हता, त्यांना एका बाजूला बसायला काहीच लागत नव्हतं. तिनं हेल्मेट मागून घेतलं, ते त्यानं बाकड्याखालून काढून झटकून दिलं. ओढणी दोन वेळा गुंडाळून खोचली, डावा हात सीटच्या कडीवर ठेवला आणि त्याला मराठीत सांगितलं, "हळू हं." तो हळू गेला नाही. मी दुसऱ्या गाडीवर मागे, दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून. पोचले तेव्हा आत्या फाटकाशी उभी राहून त्याच्याकडून सुटे पैसे मोजून घेत होती.

परत आल्यावर तिच्या भिशीतल्या एका मैत्रिणीचा फोन आला. त्यांचंही बँकॉकचं बुकिंग झालंय, टूरबरोबर. आत्यानं स्पीकरवर टाकला.

"हॉटेल स्टेशनाजवळ आहे म्हणे," मैत्रीण म्हणाली.

"स्टेशनाजवळ सगळेच देतात गं. लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला ते विचार. आणि नदीच्या धक्क्याजवळ मिळत असेल तर पैसे थोडे जास्त दे."

"आम्हाला बस आहे ना सगळीकडे."

"असू दे. एक दुपार डोकं दुखतंय म्हणून हॉटेलात रहा. बस गेली की खाली ये, नारिंगी जॅकेटवाले असतात गल्लीच्या तोंडाशी. वीसतीस बाहत सुटे ठेव."

"अगं, मोटरसायकलवर? या वयात?"

"हेल्मेट माग," आत्या म्हणाली, "आणि जावईबापूंना सांगू नकोस."